समुद्रावर, खानावळीत, गाडीत मोठ्याने गाणी: तुम्ही काय करता?

बावनदीकाठ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकते. आम्ही रत्नागिरीचे. वडील अठ्ठ्याहत्तरचे, दोन्ही कानांना यंत्र. भाऊ-वहिनी मुलांना घेऊन पुण्याहून आले होते म्हणून सगळे मिळून गुहागरला गेलो, हेतू एवढाच की बाबांशी सगळ्यांना निवांत बोलता यावं. दुपारी एका खानावळीत बसलो. जेवण फारच छान, सुरमई ताजी, सोलकढी घरच्यासारखी, पण वर पत्र्याची शेड आणि कोपऱ्यात माणसाएवढा उभा स्पीकर आणि त्यातून रिमिक्स गाणी. बाबांनी थोड्याच वेळात यंत्रं काढून रुमालात गुंडाळून खिशात ठेवली आणि मग अख्खं जेवण खाली मान घालून केलं. भाच्याला त्याच्या शाळेतल्या नाटकाचं काहीतरी सांगायचं होतं, तो आजोबांच्या कानाशी जाऊन जाऊन सांगत होता आणि ते नुसते हसून मान हलवत होते. एक अक्षर कळत नव्हतं त्यांना, मला दिसत होतं. शेवटी पोराने नाद सोडला आणि मोबाईल घेतला.

संध्याकाळी समुद्रावर गेलो तर तिथे वाळूत दोन गाड्या, डिक्या उघड्या, दोन्हीत वेगवेगळी गाणी.

अशा वेळी तुम्ही नेमकं काय करता? सांगता का? कोणाला आणि कसं? उठून जाता? कानात बोळे घालता? माझं मत स्पष्ट आहे, जेवायच्या जागी गाणी नसली तर कोणाचं काही अडत नाही, आणि असली तर निदान समोरासमोर बसलेल्या माणसांना बोलता आलं पाहिजे. पण मत असून उपयोग नाही, उपाय हवाय.

फणसाचा_गरा
अगदी अगदी. मी सरळ उठून जातो. पण गुहागर-दापोली पट्ट्यात उठून जायचं तर शेजारच्या खानावळीतही तेच चालू असतं.

रातराणी
+१. मी आधी वेटरला सांगते, मग मालकाला. "बंद करा" म्हटलं की माणूस बिथरतो. "दादा, जरा बारीक करा ना, आमचे बाबा यंत्र लावतात, त्यांना बोलणं ऐकू येत नाही" असं कारणासकट सांगितलं की बहुतेक जण करतात. अट एकच, ऑर्डर द्यायच्या आधी सांगायचं. ताटं आल्यावर सांगितलं तर त्यांनाही माहीत असतं की आता हे कुठे जात नाहीत.

सुट्टीवाला
थोडं वेगळं मत. लोक वर्षभर राबून दोन दिवस मजा करायला येतात. समुद्रावर गाणी नाही लावायची मग कुठे लावायची? बिल्डिंगमध्ये लावली तर सोसायटीवाले ओरडतात. ज्यांना शांतता हवी त्यांनी आतल्या गावात जावं, कोकणात काय कमी जागा आहेत?

खाडीपलीकडचा
@सुट्टीवाला, मी आतल्या गावातच राहतो हो. दाभोळच्या खाडीला लागून घर आहे. पलीकडच्या काठाला लग्न असलं की आमच्या ओटीवर बसून वरातीतलं गाणं कुठलं ते सांगता येतं. पाण्यावरून आवाज अडत नाही, मध्ये ना झाड ना भिंत. त्यात रात्री जमीन आणि तिच्यालगतची हवा गार पडली की वरची हवा त्यामानाने गरम राहते, आवाज वर निघून न जाता वाकून खाली येतो, त्यामुळे दिवसा न ऐकू येणारा डीजे रात्री उशाशी येऊन बसतो. पलीकडच्या माणसाला कळतही नाही की आपण कोणाला जागं ठेवतोय. मी एकदा होडीने पलीकडे जाऊन सांगितलं तर यजमान खरंच चकित झाले, "तुमच्यापर्यंत येतंय?" म्हणाले. आणि लगेच स्पीकरचं तोंड डोंगराकडे फिरवलं. तेवढ्याने बराच फरक पडला.

दापोलीकर_होमस्टे
मी दुसऱ्या बाजूचा माणूस, म्हणून लिहितो. आमचा छोटा होमस्टे आणि खानावळ आहे, कर्देजवळ. आम्ही गाणी का लावतो ते सांगतो. सुरुवातीला लावत नव्हतो. मग ग्रुप यायला लागले, पहिला प्रश्न वायफाय, दुसरा प्रश्न "म्युझिक सिस्टीम आहे का". नाही म्हटलं की शेजारी जातात. मग एक स्पीकर घेतला. दुसरं कारण, आमचं किचन उघडं आहे, भांडी, मिक्सर, एक्झॉस्ट, गिऱ्हाईकाला ते ऐकू नये म्हणून गाणी. आणि मग हे वाढत जातं, गाण्यामुळे लोक मोठ्याने बोलतात, लोक मोठ्याने बोलतात म्हणून पोरगा काऊंटरवरून गाणं वाढवतो. रात्री नऊला मलाच समोरच्याची ऑर्डर ऐकू येत नाही.

बावनदीकाठताई, तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. आमच्याकडेही आजी-आजोबा येतात आणि गप्प बसून जेवून जातात, मी समजत होतो थकले असतील प्रवासाने.

कानतपासनीस
मी श्रवणतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस करते. होमस्टेवाल्या दादांनी जे सांगितलं ते अगदी खरं आहे, आजूबाजूला आवाज वाढला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो, याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. पत्रा, फरशी, काच यांवरून आवाज आपटून परत येत राहतो, त्यामुळे शेडमध्ये तो अजून वाढतो.

आता वडिलांबद्दल. वय झालं की आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स्वर ऐकू येतात, स, श, फ, ख असली व्यंजनं गळतात. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात "ऐकू येतं पण कळत नाही". साठ आणि आठ त्यांना सारखेच वाटतात. यंत्र बोलणं मोठं करतं तसं मागचं गाणंही मोठं करतं. नवी यंत्रं थोडी निवड करतात, पण माणसाएवढ्या स्पीकरपुढे त्यांचंही काही चालत नाही. त्यामुळे बाबांनी यंत्र काढलं यात नवल नाही, त्यांना ते दुखत असणार.

करण्यासारखं बरंच आहे. बहुतेक यंत्रांचे माईक समोरचा आवाज जास्त घेतात, मागचा कमी. म्हणजे स्पीकर बाबांच्या पाठीकडे येईल आणि बोलणारी माणसं समोर येतील असं त्यांना बसवायचं. आपण करतो उलटंच, मान म्हणून त्यांना सगळ्यांकडे तोंड करून मधोमध बसवतो आणि स्पीकर बरोब्बर समोर येतो. कोपऱ्यातलं टेबल, किचनपासून लांब. बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड हवा, कारण ते ओठ वाचतात, त्यांना माहीत नसलं तरी. आणि एका वेळी एकाने बोला. यंत्रात गर्दीसाठी वेगळा प्रोग्रॅम असतो, तो बऱ्याच जणांचा सुरूच केलेला नसतो, जिथून घेतलं तिथे जाऊन विचारा. कॉलरला लावायचा छोटा वेगळा माईकही मिळतो, तो भाच्याच्या शर्टाला लावला की त्याचा आवाज थेट आजोबांच्या यंत्रात. किंमत जास्त आहे, पण अशा कुटुंबांना खूप उपयोगी पडतो.

बावनदीकाठ
ताई, मनापासून धन्यवाद! गर्दीचा प्रोग्रॅम असतो हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. आम्ही त्यांना मधोमधच बसवलं होतं, स्पीकर अगदी समोर.

इवलीशी_आई
माझा मुलगा सात वर्षांचा आहे, स्वमग्न. त्याला गाण्याचा नाही, अचानक येणाऱ्या आवाजाचा त्रास होतो. एकदा फटाका सायलेन्सरवाली बुलेट बाजूने गेली आणि तो मालवण जेटीवर कान धरून खाली बसला तो कितीतरी वेळ उठेचना. लोक बघत होते. आता मी कानावर बसणारे मोठे इअरमफ बरोबर ठेवते, कारखान्यात वापरतात तसले, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. त्याला ते आवडतात, निळ्या रंगाचे आहेत. फोमचे बोळे त्याला कानात सहन होत नाहीत.

बोळे वापरणाऱ्यांना एक सांगते, नुसते कानात खुपसून उपयोग नाही. बोटांनी लाटून सुतळीएवढे बारीक करायचे, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवून अर्धं मिनिट धरून ठेवायचं म्हणजे आत फुगून बसतात. मी बरेच दिवस "काही फरक पडत नाही" म्हणत होते ते नीट न घातल्यामुळे.

फणसाचा_गरा
नॉइज कॅन्सलिंग हेडफोनबद्दल कोणाचा अनुभव?

चाकरमानी_कुडाळ
गाडीच्या घरघरीला, एसीला, बसच्या इंजिनाला मस्त. माणसांच्या बोलण्याला आणि अचानकच्या आवाजाला फार नाही. तुतारी एक्स्प्रेसने रात्रीचा येतो तेव्हा घालतो. तरी एकदा समोरच्या बर्थवर एक ग्रुप स्पीकरवर गाणी लावून बसला होता, रात्रीचे अकरा. रेल्वेने २०२२ मध्ये सूचना काढलीय की रात्री दहानंतर हेडफोनशिवाय गाणी आणि मोठ्याने फोनवर बोलणं नको. मी भांडलो नाही, टीसी आले तेव्हा त्यांना सांगितलं, त्यांनी एका वाक्यात बंद करायला लावलं. टीसी दिसत नसेल तर १३९ वर तक्रार करता येते.

एसटीत मात्र रील. एकाच सीटवर तीन माणसं, तीन रील. मुंबईत बेस्टने २०२३ साली हेडफोनशिवाय मोबाईल वाजवायला बंदी घातली. आपल्याकडे कंडक्टर चांगला असेल तर काम होतं. परवा एका बाई कंडक्टरने तिकीट फाडता फाडता "आवाज खिशात ठेवा" म्हटलं, सगळी गाडी हसली आणि सगळ्यांनी मोबाईल बंद केले.

रातराणी
"आवाज खिशात ठेवा" 😄 हे मी वापरणार.

गजालीवालो
आमच्या मालवणात ह्यो तरास नाय असा कोण म्हणता? शनवारी तारकर्लेक जावन बघा. पण माझा एक म्हणणा आसा. डबलबारीक, म्हंजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याक, रातभर माईक असता, दशावतारात माईक असता, तेवा कोण काय बोलना नाय. पर्यटकान गाणा लावल्यान की सगळ्यांका तरास. माका डबलबारी जीव की प्राण, पण गावात आजारी माणूस दोघांकवय सारखोच आसता.

ढोलवादक_चिपळूण
हा मुद्दा कोणीतरी काढायला हवाच होता. मी शिमग्यात पालखीपुढे ढोल वाजवतो, वडीलही वाजवायचे. ढोलालाही आवाज आहे, खोटं कशाला बोलू. पण पालखी दारात येते, वाजतं, नाचवतात, पुढच्या घरी जाते. दशावतारात मूळची पायपेटी, पखवाज आणि झांज, देवळाच्या आवारात बसलेल्यांना पुरेल एवढाच आवाज. माईक आला, मग दोन माईक, मग मैदानाच्या चारी बाजूंना भोंगे. परंपरा आहे ती रात्रभर जागण्याची, चार गावांना जागवण्याची नव्हे. आमच्या वाडीत आरतीचा माईक काढला, झांजा आणि मृदंगावर आरती होते, आणि माणसं आधीपेक्षा जास्त मोठ्याने म्हणतात कारण आता त्यांना एकमेकांचा आवाज येतो.

बीटड्रॉप_२२
मी साऊंडवाला. सगळे डीजेला शिव्या घालतात म्हणून लिहितोय. कर्ज काढून सेट घेतलाय, मे महिन्यातली लग्नं आणि गणपती यावर वर्ष काढायचं असतं. वाढव वाढव मी करत नाही, नवऱ्याचे मित्र स्टेजवर येऊन करायला लावतात, नाही केलं तर पुढच्या वर्षीची ऑर्डर दुसऱ्याला. दहाला बंद केलं की पैसे कापतात. आम्हालाच गुन्हेगार ठरवू नका, ऑर्डर देणाऱ्यालाही विचारा.

कानतपासनीस
@बीटड्रॉप_२२, तुमचं म्हणणं पटतं. पण मला तुमच्याच कानांची काळजी वाटते. ८५ डेसिबलला रोज आठ तास ही कामगारांसाठी धरलेली मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला फक्त पाव तास. वरातीत स्पीकरजवळ १०० सहज ओलांडतात. कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजते का? दुसऱ्या दिवशी थांबली तरी आतल्या पेशींना इजा झालेली असू शकते आणि त्या पेशी परत येत नाहीत. तुमच्या वयाची मुलं माझ्याकडे येतात, "घरचे म्हणतात टीव्ही मोठा लावतो" अशी तक्रार घेऊन.

बीटड्रॉप_२२
शिट्टी वाजते. दोन दिवस राहते कधीकधी. मला वाटायचं सगळ्यांनाच होतं.

कानतपासनीस
सगळ्यांना होत नाही. तपासून घ्या, खरंच. वादकांसाठी वेगळे बोळे मिळतात, गाणं स्पष्ट राहतं, फक्त आवाज उतरतो. मिक्सिंगला अडचण येत नाही.

हर्णैकरीण
इकडे कोणी मासळीवाल्यांबद्दल बोललंच नाही म्हणून मी बोलते. हर्णैला बंदरावर लिलाव असतो तेव्हा ओरडल्याशिवाय भाव ठरत नाही, तो आवाज कामाचा. बोटीवरचं इंजिन त्याहून वाईट. माझा नवरा आणि दोन्ही दीर खलाशी, तिघांनाही कमी ऐकू येतं, घरात सगळं ओरडून. ऐन पन्नाशीत. डिझेल इंजिनच्या शेजारी रात्ररात्र झोपतात, कानाला काहीही नाही. पर्यटकांच्या गाण्यावर जेवढी चर्चा होते तेवढी ह्याच्यावर झालेली मी कधी बघितली नाही. ते इअरमफ हार्डवेअरमध्ये मिळतात म्हणालात ना ताई, ते बोटीवर चालतील का? खारं पाणी लागणार.

इवलीशी_आई
हर्णैकरीण ताई, प्लॅस्टिकचे असतात, आतला फोम खराब झाला की बदलता येतो. चालतील असं वाटतं. ओले झाले की पुसून वाळवायचे. महाग नाहीत.

कानतपासनीस
चालतील. आणि इंजिनजवळ काम करताना तरी नक्की घाला म्हणावं. तिघांनाही एकदा तपासायला आणा, ऐकू येणं कमी झालंय ते किती आणि यंत्राने फरक पडेल का हे कळेल.

नियमवाला
कायद्याचं थोडं, कारण वर बऱ्याच जणांना दहाचा नियम एवढाच माहीत दिसतोय.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. दवाखाने, शाळा-कॉलेजं, कोर्ट यांच्याभोवती किमान १०० मीटरचा भाग सरकारने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केला असेल तर तिथे ५० आणि ४०. लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते, दिवसासुद्धा. रात्री दहानंतर उघड्यावर नाहीच. सणासमारंभासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं, कुठले ते आधी जाहीर होतं. "आमचा सण आहे" एवढं पुरत नाही, तो दिवस त्या यादीत असावा लागतो.

खाजगी जागेचं लोकांना माहीत नसतं. रिसॉर्टवाला म्हणतो "माझी जागा, मी वाजवणार". त्याच्या हद्दीवर, म्हणजे कुंपणाशी, त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त आवाज जाता कामा नये. कुंपणाच्या आत काय चाललंय त्यापेक्षा कुंपणाबाहेर काय येतंय ते महत्त्वाचं.

तक्रार ११२ वर. नाव सांगायची भीती वाटणाऱ्यांसाठी, मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना सांगितलंय की तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करा. त्याच निकालात लाऊडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असंही म्हटलंय. सर्वोच्च न्यायालयाचा मोठा निकाल त्याआधीच, २००५ चा.

हॉटेलवाल्यांसाठी अजून एक. रेकॉर्ड केलेली सिनेमाची गाणी गिऱ्हाईकांसाठी वाजवायला कॉपीराइट कायद्यानुसार लायसन्स लागतं. लग्नाला त्यात सवलत आहे, खानावळीला नाही.

दापोलीकर_होमस्टे
लायसन्सचं माहीत नव्हतं. घरी बोलतो.

फणसाचा_गरा
नियमवाला, सगळं बरोबर, पण मोजायचं कोणी? पोलिसांकडे फोन केला की गाडी येईपर्यंत गाणं बारीक होतं, गेली की परत सुरू. आमच्याकडे हेच झालं.

नियमवाला
मोबाईलवरच्या ॲपने अंदाज येतो, कोर्टात चालत नाही, त्यासाठी पोलिसांकडचं प्रमाणित यंत्रच लागतं. पण वेळ, जागा लिहून ठेवा आणि आपल्या खिडकीतून व्हिडिओ घ्या. चार घरांनी एकत्र लेखी अर्ज केला तर एका फोनपेक्षा वजन पडतं.

सुट्टीवाला
सगळं वाचलं. मी माझं मत पूर्ण बदललं असं म्हणणार नाही, मला अजूनही वाटतं की तरुणांनी नाचायला कुठेतरी जागा हवी. पण आजोबांचं वाचून जरा थांबलो. आमच्या ग्रुपने कधी विचारच केला नाही की बाजूच्या टेबलवर कोण बसलंय. समुद्रावर गाडी नेऊन वाजवणं आता नाही करणार. गोव्यात पाळोळ्याला हेडफोन लावून नाचायच्या पार्ट्या होतात, तसं इकडे कोणी केलं तर मी पहिला जाईन.

खाडीपलीकडचा
@सुट्टीवाला, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, आवडलं. नाचायला जागा हवीच. बंद हॉल असेल तर आवाज आतच ठेवून नाचता येतं, नियमातही बंद सभागृहाला वेगळं धरलंय.

मला वेळासचं आठवतं. मार्चमध्ये कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हा दोरीमागे केवढी गर्दी असते, पोरंटोरं धरून, आणि तरी माणसं हळू बोलतात, टॉर्च मारत नाहीत कारण उजेडाने पिल्लं भरकटतात हे आधीच समजावून सांगितलेलं असतं. हीच माणसं तासाभराने गाडीत बसून फुल्ल आवाजात गाणी लावतात. म्हणजे जमत नाही असं नाही. कोणीतरी आधी सांगायला हवं, आणि कारण सांगायला हवं.

रातराणी
सहमत. बोर्डाने होत नाही. "कृपया शांतता राखा" चे बोर्ड सगळीकडे आहेत.

गजालीवालो
बोर्डाच्या खालीच स्पीकर बांधलेलो मी बघलंय. बांधूक खांब बरो गावता म्हणान.

चाकरमानी_कुडाळ
😂😂

दापोलीकर_होमस्टे
मंडळी, थोडं सांगतो काय केलं ते. मोठा स्पीकर काढला. त्याऐवजी चार छोटे, टेबलांच्या जवळ, खूप हळू. एक मोठा असला की त्याच्याजवळच्याचे कान फुटतात आणि लांबच्याला ऐकू जात नाही म्हणून वाढवावा लागतो. छोटे जवळ असले की वाढवायची गरजच पडत नाही. पत्र्याखाली माडाच्या झापांचं छत बांधून घेतलं, गारवा येतो आणि आवाजही पूर्वीसारखा घुमत नाही, भांड्यांचा खणखणाट सुद्धा कमी वाटतो. विहिरीकडच्या बाजूची तीन टेबलं पूर्ण विनागाण्याची ठेवलीत आणि फोनवर बुकिंग घेतानाच विचारतो, "गाण्याजवळ की शांत बाजूला?"

मला वाटलं होतं शांत बाजू रिकामी राहील. उलट ती आधी भरते. तरुण ग्रुपसुद्धा मागतात. एक ग्रुप मात्र गाणी वाढवत नाही म्हणून बाजूला गेला, तेही सांगतो, नुकसान झालंच.

ढोलवादक_चिपळूण
दादा, जबरदस्त. झापांची आयडिया आमच्या मंडळाच्या मांडवाला वापरतो.

बावनदीकाठ
सगळ्यांचे आभार. मधल्या काळात दोन गोष्टी केल्या त्या सांगते. कानतपासनीस ताईंनी सांगितल्याप्रमाणे यंत्रवाल्यांकडे गेलो, गर्दीचा प्रोग्रॅम खरंच बंद होता, त्यांनी चालू करून दिला आणि बाबांना बटण दाबायला शिकवलं. बाबा आता दिवसभर ते बटण दाबून बघत बसतात. मग एका रविवारी जेवायला गेलो, आधी फोन करून विचारलं, कोपरा मागून घेतला, स्पीकर बाबांच्या पाठीकडे. भाऊ पुण्यात, पण माझी मुलगी होती. बाबांनी तिला विचारलं, "कॉलेजात कुठला विषय घेतलास?" आणि तिने सांगितलेलं उत्तर त्यांना कळलं, कारण त्यावर त्यांनी तिच्याशी वाद घातला, भूगोल घेऊन पुढे काय करणार म्हणून. मला भरून आलं.

सगळं सुटलं असं नाही. शेजारी वाढदिवसाचा केक आला, टाळ्या आणि गाणं मोठं झालं, बाबांनी परत यंत्र काढलं. रात्रीची लग्नं तर आमच्याकडेही आहेत. पण आता मला कोणाला काय सांगायचं ते कळतं, आणि सांगायला लाज वाटत नाही.

कानतपासनीस
वाद घातला हे वाचून फार बरं वाटलं. माणसं वाद घालायची बंद झाली की मला काळजी वाटते.

हर्णैकरीण
इअरमफ आणले तीन. मोठे दीर घालतात. नवरा म्हणतो इंजिनात बिघाड झाला तर आवाज कळणार नाही. ह्याच्यावर कोणाकडे उत्तर आहे का?

कानतपासनीस
हा प्रश्न सगळे इंजिनवाले विचारतात आणि बरोबर विचारतात. मफने आवाज पूर्ण बंद होत नाही, उतरतो. सवय झाली की वेगळा आवाज त्यातूनही ओळखता येतो, आणि कान वाचले तर अजून दहा वर्षांनीही ओळखता येईल. त्यांना आधी बंदरात बोट उभी असताना इंजिन सुरू करून घालून बघू दे.

बीटड्रॉप_२२
ताई तपासणी केली. उंच पट्टीचं थोडं गेलंय दोन्ही कानांत. बोळे मागवले. आणि गणपतीची जी ऑर्डर घेतली त्या मंडळाला आधीच लिहून दिलंय, दहाला बंद, यादीतला दिवस असेल तर बाराला, पैसे कापायचे नाहीत. अध्यक्ष कुरकुरले पण सही केली. दुसऱ्या एका मंडळाने ऑर्डर रद्द केली.

नियमवाला
त्या कागदाचा नमुना इथे टाकता का? बाकीच्या साऊंडवाल्यांना उपयोगी पडेल.

बीटड्रॉप_२२
टाकतो, संध्याकाळी टाईप करून. हाताने लिहिलाय आणि माझं अक्षर मंडळाच्या अध्यक्षांनाही लागलं नव्हतं.